डाव्या विंगेतलं स्टूल

१

सकाळचा चहा हा कुजबुज्यांच्या घरातला रोजचा प्रयोग होता. नाटक तेच, पात्रं तीच दोन, आणि फुकट ठेवला तरी बघायला कुणी येणार नाही, असं कुजबुजे स्वतःच म्हणत. बाई खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसत. कुजबुजे ट्रे घेऊन येत आणि समोर टेकत. बाई एक घोट घेत, कपाकडे बघत आणि म्हणत, "आज यात ते जरा जास्त झालंय, ते..."

मग त्या थांबत आणि त्यांची मान किंचित डावीकडे कलत असे. ती कलली की कुजबुजे हलकेच म्हणत, "साख..." आणि बाई लगेच "साखर!" म्हणून मोकळ्या होत. शब्द जणू त्यांच्याजवळच होता, फक्त पदराची गाठ सुटत नव्हती. पूर्ण शब्द कुजबुजे कधी देत नसत. अर्धा द्यायचा, उरलेला ज्याचा त्याने उचलायचा, हा त्यांच्या धंद्यातला शिरस्ता.

कुजबुजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते. डाव्या विंगेत संहिता घेऊन बसायचं आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द द्यायचा, हे उभं आयुष्य केलेलं काम. कुणा टवाळाने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारी. बाई त्याच कंपनीच्या नायिका. सगळी कंपनी त्यांना बाई म्हणायची, म्हणून कुजबुजेही म्हणत, आणि लग्न झाल्यावर बदलायचं राहूनच गेलं. बाई त्यांना "अहो" म्हणत. अलीकडे बाईंचे शब्द गळू लागले होते. आधी नावं गेली, मग वस्तू जायला लागल्या. माणसं अजून शाबूत होती, निदान बहुतेक सकाळी.

त्या सकाळी मात्र अडले ते कुजबुजे. बशीत चहा ओतता ओतता ते सांगत होते, "दुपारी जरा जागं राहायला हवं हं बाई. तो यायचाय नळ बघायला, तो आपला..."

"प्लं..."

"प्लंबर," कुजबुजे म्हणाले आणि चहा प्यायले.

बशी खाली ठेवताना त्यांचा हात थबकला. शब्द स्वयंपाकघराच्या पडद्याआडून आला होता. अर्धाच आला होता, आणि जसा द्यावा तसा आला होता.

ते उठून आत गेले. गॅस बंद होता, खिडकीला कडी होती, बिघडलेला नळ आपला ठिबकत होता. दाराशी त्यांचं जुनं बुटकं स्टूल होतं, नेहमीपेक्षा पडद्याच्या जरा जवळ. पण स्टुलाचं काय, पाय लागला की सरकतं. कुजबुज्यांनी ते मागे ढकललं आणि ठरवून टाकलं की शब्द आपल्यालाच आठवला होता, फक्त वाजला जरा मोठ्याने.

२

प्रॉम्प्टिंग म्हणजे कुजबुज, असा लोकांचा गैरसमज असतो. कुजबुजे नवशिक्यांना पहिल्याच तालमीत बजावत, की बाबांनो, कुजबुजायचं कधीच नाही. कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते आणि लोक हसतात. आवाज छातीतून काढायचा, जाड आणि बुटका. विंगेतून निघाला की नटाच्या कानात पडला पाहिजे आणि तिथेच विरला पाहिजे. शिवाय नट विसरून थांबलाय की मुद्दाम थांबलाय, हे कळायला हवं. विसरलेल्याचा श्वास वर अडकलेला असतो. मुद्दाम थांबलेला माणूस पोटातून श्वास घेत, मजेत उभा असतो. त्याला शब्द दिलात तर तो प्रयोगानंतर तुमचा गळा धरेल.

आणि एक गोष्ट कुजबुजे शिकवत नसत, कारण तिची त्यांना स्वतःलाच थोडी भीती वाटे. विंगेतून आलेला शब्द नट तपासून घेत नाही. जीभ तो परस्पर उचलते, डोक्याला मागाहून कळतं. एकदा त्यांच्या हातून दोन पानं एकदम उलटली गेली आणि अडलेल्या नायकाला त्यांनी भलत्याच अंकातल्या वाक्याची सुरुवात दिली. नायकाने शेजारी धडधाकट उभ्या असलेल्या आईकडे बघितलं आणि गहिवरून सांगून टाकलं, "आई गेली तेव्हा मी परगावी होतो." आईचं काम करणाऱ्या नटीला काही सुचेना. तिने उरलेला प्रवेश भुतासारखं तरंगत काढला. टाळ्या पडल्या, ती गोष्ट वेगळी.

त्यांचं ते स्टूल विंगेतल्या त्या दिवसांपासूनचं. एक पाय आखूड होता. शब्द द्यायला कुजबुजे पुढे झुकले की स्टूल खुट् करून वाजे. जुन्या नटांना त्या आवाजानेच धीर येई.

बाईंना मात्र कधी शब्द द्यावा लागला नाही. संहिता दोनदा वाचली की त्यांना पाठ. मग एका नाटकात त्यांना लांबलचक स्वगत आलं. नवरा दूरदेशी गेलेला, कधी येईल ठाऊक नाही, आणि ही एकटी घरात बोलतेय. "दार मी लावलेलं नाही. थंडी आत आली तर येऊ दे..." इथे बाई थांबल्या. कुजबुज्यांनी कान टवकारले. श्वास वर अडकलेला होता. स्टूल खुट् वाजलं, त्यांनी शब्द दिला आणि बाईंनी तो घेतला. पुढच्या प्रयोगाला बाई पुन्हा तिथेच अडल्या, त्याच्या पुढच्यालाही. कंपनीत चर्चा सुरू झाली की बाईंचं पाठांतर गेलं. शेवटी कुजबुज्यांनी धीर करून रंगपटात विचारलं. बाई आरशासमोर अर्धा चेहरा पुसून बसल्या होत्या. त्या आरशातच बघत म्हणाल्या, "मी विसरत नाही हो. तुमचा आवाज ऐकायला थांबते."

एवढ्या एका वाक्यावर कुजबुजे आजवर जगत आले होते. त्यांना फसवून गेलेला तो एकच थांबा.

कंपनी बंद पडली तेव्हा कुणी झुंबर नेलं, कुणी आरसे नेले. कुजबुज्यांनी स्टूल आणलं. बाईंचं विसरणं सुरू झालं आणि ते पुन्हा कामी आलं. पाहुणे आले की कुजबुजे चहाच्या निमित्ताने आत जात, पडद्याआड स्टुलावर बसत आणि बाई अडल्या की आतून शब्द देत. पाहुणे जाताना म्हणत, बाई काय ठणठणीत आहेत हो! बाईंची खुर्चीही त्यासाठीच तशी ठेवलेली होती. स्वयंपाकघराचं दार त्यांच्या डाव्या हाताला येईल अशी.

३

प्लंबर आला, नळ ठीक करून गेला. ठिबकणं थांबल्यावर घर फारच शांत झालं आणि त्या शांततेत तो आवाज पुन्हा आला. चष्मा शोधताना आला, "फ्रि...", आणि चष्मा खरोखरच फ्रिजवर होता. शेजारीणबाईंच्या सुनेचं नाव आठवेना, तेव्हा आला. प्रत्येक वेळी कुजबुज्यांची जीभ आधी शब्द उचले, आणि अंगावर काटा सावकाश, मागून येई.

ते काही अंधश्रद्धाळू गृहस्थ नव्हते. रंगमंचावर भूत कसं आणतात हे ज्याने विंगेतून बघितलंय, त्याचा भुतांवर फारसा विश्वास उरत नाही. त्यांनी भिंतीला कान लावून पाहिला. वरच्या मजल्यावरचा रेडिओ, पाइपातून उतरणारे आवाज, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पडदा एकदम सारून पाहिला. आत ओटा, भांडी आणि स्टूल. पडदा पुन्हा सोडला की मात्र त्यांना वाटे, आत्ता आत कुणीतरी श्वास सोडला.

आवाज कुणाचा, हे कळायला त्यांना बरेच दिवस लागले. माणसाला जगातले सगळे आवाज ओळखता येतात, आपलाच तेवढा येत नाही. दात पडण्याआधीचा, दमा लागण्याआधीचा, विंगेत बसणाऱ्या तरण्या कुजबुज्यांचा आवाज होता तो. हे ध्यानात आलं तेव्हा ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि, खरं सांगायचं तर, त्यांचे डोळे भरून आले. जुना मित्र बऱ्याच वर्षांनी दारात उभा राहावा तसं त्यांना वाटलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी बाई खिडकीतून रस्त्याकडे बघत होत्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "दार मी लावलेलं नाही."

कुजबुज्यांच्या हातातलं फडकं गळून पडलं. बाई थांबल्या. मान डावीकडे कलली. आतून स्टूल वाजलं, खुट्, आणि बाई पुढे निघाल्या. चमच्याला काय म्हणतात हे ज्यांना सकाळी आठवलं नव्हतं, त्यांनी ते अख्खं स्वगत म्हटलं, हातवाऱ्यांसकट, आवाजाच्या त्याच चढउतारांसकट. मध्ये मध्ये त्या थांबत आणि ऐकत. कुजबुजे समोर उभे राहून नुसते बघत होते. संपल्यावर त्यांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या.

रात्री भांडी विसळताना त्यांच्या मनात आलं, की शब्द मीच देत असणार. म्हातारा झालो, नकळत पुटपुटतो. दुसरं काय असणार? स्टूल वाजलं त्याचं काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. इतकी सुंदर दुपार प्रश्न विचारून कोण नासवील!

४

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि दर रविवारी फोन करायची. ती स्वभावाने आईवर गेली होती. म्हणजे पाठांतर पक्कं, आणि समोरचा गडबडला की लगेच कळायचं. तिचं घर लहान, माणसं जास्त. तिथे फार तर एकाची सोय झाली असती आणि ती एक म्हणजे आई, हे तिने स्पष्ट सांगून ठेवलं होतं. बाबांना एकट्याने झेपतंय तोवर ठीक, नाहीतर आईला मी घेऊन जाणार. कुजबुज्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं की तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, तर त्यांनी हेच सांगितलं असतं.

त्या रविवारी तिने नेहमीसारखं विचारलं, "कसे आहात?"

बाईंची सकाळ वाईट गेली होती. त्यांनी दोनदा कुजबुज्यांना 'तुम्ही कधी आलात' असं विचारलं होतं. ते सांगावं की नाही, या विचारात कुजबुजे क्षणभर थांबले. आतून शब्द आला.

"तिघंही मजेत," कुजबुजे म्हणाले.

"तिघं?" मुलीने विचारलं. "तिसरं कोण, बाबा?"

कुजबुजे हसले, जीभ घसरली म्हणाले, वय झालं म्हणाले. पण तिला त्यांचा श्वास ऐकू गेला असावा. संध्याकाळी ती दारात हजर. आल्या आल्या तिने विचारलं, आणि तिच्याशी खोटं बोलणं कुजबुज्यांना तिच्या लहानपणापासून कधी जमलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आरडाओरडा केला नाही. पडद्याकडे मात्र तिने दोनदा वळून पाहिलं.

५

डॉक्टर तरुण होत्या आणि बोलायला गोड. कुजबुज्यांना वाटलं होतं, त्या हसतील किंवा घाबरतील, पण तसं काही झालं नाही. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि समजावलं, की आपण मनात बोलतो तेव्हासुद्धा जीभ आणि ओठ बारीकसे हलत असतात. हे आपलंच बोलणं, अशी एक खूण मेंदू त्यावर लावून ठेवतो. काळजी, अपुरी झोप, एकटेपणा, यात कधी कधी ती खूण पुसली जाते, आणि मग आपलंच बोलणं बाहेरून आल्यासारखं ऐकू येतं. पुष्कळांना येतं, लोक सांगत नाहीत इतकंच.

"तुम्ही तर जन्मभर आवाज दुसरीकडे पोचवण्याचं काम केलंत," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज पडद्याआड जाऊन बसला, यात मला तरी नवल वाटत नाही."

कुजबुज्यांना हे फार पटलं. डॉक्टरांनी झोपेची हलकी गोळी दिली आणि एक साधा उपाय सांगितला. आवाज येईल असं वाटलं की तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचं. जीभ अडकली की आवाजही अडकतो. बाहेर पडताना मुलीने त्यांचा हात धरला आणि आपलं म्हणणं पुन्हा सांगितलं, या वेळी नीट अट घालून. आई तुम्हाला ओळखते तोवर ती तुमच्याकडे. ज्या दिवशी ओळखणार नाही, त्या दिवशी माझ्याकडे. कुजबुज्यांनी मान डोलावली. वावगं तरी काय होतं त्यात?

उपाय रामबाण निघाला. आतून श्वासाची चाहूल लागली की कुजबुजे घोट भरत आणि गाल फुगवून बसत. शब्द येत नसे. म्हणजे तो आपलाच होता तर! त्यांनी स्टूलही उचललं, शिडी लावली आणि धापा टाकत ते माळ्यावर, रिकाम्या ट्रंकांच्या मागे सरकवून दिलं. काही दिवसांनी पाणी भरायचीही गरज उरली नाही. घर शांत झालं, आणि कुजबुज्यांना ते खायला उठलं. चष्मा हरवला की ते मुद्दाम थोडं थांबून बघत. काही येत नसे. आपण दुसऱ्यांदा म्हातारे झालो, असं त्यांना वाटलं.

पण खरं जड गेलं ते बाईंना. चहाच्या वेळी त्या म्हणत, "यात ते, ते..." आणि मान डावीकडे कलत. समोरून कुजबुजे म्हणत, "साख..."

बाई तो शब्द घेत नसत. त्या कुजबुज्यांकडे बघतसुद्धा नसत. आणखी थोड्या कलून त्या पडद्याकडे कान देऊन थांबत. चहा गार होई. कुजबुजे शेवटी "साखर" असा पूर्ण शब्द म्हणून टाकत, जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं, आणि बाई परक्या माणसाकडे बघावं तशा सौजन्याने त्यांच्याकडे बघत.

६

मुलगी आली ती भर दुपारी. सोबत रिकामी बॅग होती. ती तिने दाराशी ठेवली, आणि ती दिसू नये म्हणून तिच्यावर ओढणी टाकली. कुजबुज्यांना ओढणीखालची बॅग दिसलीच.

"बाबा, रागावू नका," ती म्हणाली. "मी आईला एकच गोष्ट विचारणार. तिला आलं तर मी चहा पिऊन परत जाते. पण तुम्ही मधे शब्द द्यायचा नाही."

कुजबुजे म्हणाले, नाही देणार. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, तिला हसू आलं आणि रडूही.

"तुम्ही द्यालच. तुमचा नाइलाज आहे तो. पाण्याचा घोट धरा तोंडात."

कुजबुज्यांनी तिच्या समोर घोट भरला आणि बाईंच्या पुढ्यात येऊन बसले. मुलगी आईच्या पायाशी बसली. तिने आईचा हात हातात घेतला, कुजबुज्यांकडे बोट केलं आणि विचारलं, "आई, हे कोण?"

बाईंनी कुजबुज्यांकडे पाहिलं. कपाळ, नाक, फुगलेले गाल, सगळं त्यांनी नीट न्याहाळलं. ओठ उघडले आणि तसेच राहिले. कुजबुज्यांनी श्वास ऐकला. वर अडकला होता. हा थांबा खोटा नव्हता. माझा आवाज ऐकायला थांबलेल्या नाहीत या, खरंच रिकाम्या झाल्या आहेत, हे त्यांना कळलं. तोंडातलं पाणी कोमट झालं होतं. गिळावं आणि एक अर्धा शब्द द्यावा, बास, एवढंच करायचं होतं. मुलगी त्यांच्या गळ्यावर नजर रोखून बसली होती.

बाईंची मान डावीकडे कलली.

खुट्.

कुजबुज्यांना शब्द ऐकू आला नाही. पाणी होतं ना तोंडात. पण बाईंचा चेहरा उजळला. त्या ताठ बसल्या, आणि बोलल्या त्या शेवटच्या रांगेला पोचेल अशा जुन्या, स्वच्छ आवाजात.

"हे कोण काय? हे आमचे हे. कंपनीतले कुजबुजे. डाव्या विंगेत बसतात. तू झालीस त्या दिवशी यांचा प्रयोग होता. दोन अंकांच्या मधे धावत आले, तुझं तोंड बघितलं, आणि घंटा व्हायच्या आत परत. तुला हातात घ्यायचंही राहून गेलं. अजून हळहळतात."

मुलीने आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि ती हुंदके देऊन रडू लागली. म्हणून तिने काही पाहिलं नाही. कुजबुज्यांनी पाहिलं. हे सगळं बोलताना बाईंची नजर एकदाही त्यांच्याकडे वळली नव्हती. ती पडद्याकडे होती. पडदा जमिनीपासून हातभर वर होता, आणि त्या फटीत लाकडाचे बुटके पाय दिसत होते. त्यांच्या पुढे, टाचा उचलून, पुढे झुकून बसलेल्या माणसाचे असावेत तसे, दोन कापडी बूट होते. विंगेत पावलं वाजू नयेत म्हणून कुजबुजे वापरत तसले. ते तर कंपनीबरोबरच संपले होते.

मग वाऱ्याने पडदा हलला आणि फटीत नुसती फरशी दिसली.

मुलगी डोळे पुसत उठली. "मी टाकते चहा," म्हणाली आणि पडदा सारून आत गेली. कुजबुजे कान देऊन बसले. आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मुलीचा, अगदी रोजचा, वैतागलेला आवाज.

"बाबा, हे स्टूल काय दारातच ठेवलंय? माझी नडगी फुटली असती."

७

चहा झाला. मुलीने आईच्या केसांवरून हात फिरवला, रिकामी बॅग उचलली आणि निघताना बाबांच्या कानात म्हणाली, की तुम्ही जिंकलात. कुजबुजे हसले. जिना उतरून ती दिसेनाशी होईपर्यंत ते गॅलरीत उभे राहिले. जे हवं होतं ते मिळालं होतं. बाई इथेच राहणार होत्या. आपण स्टूल माळ्यावरून कधी खाली काढलं, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. शिडीही तिच्या जागेवर होती. काढलं असेल, म्हाताऱ्या माणसाचं काय सांगता येतं?

ते आत येऊन बाईंच्या समोर बसले. ऊन खुर्चीच्या हातापर्यंत आलं होतं. बाई प्रसन्न दिसत होत्या, उत्तम प्रयोगानंतर दिसत तशा. कुजबुज्यांना रंगपट आठवला, आरसा आठवला, अर्धा पुसलेला चेहरा आठवला. त्यांचं मन भरून आलं. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला.

बाईंनी तो हळूच सोडवून घेतला. अपमान होऊ नये इतक्या हळू.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

कुजबुज्यांनी तोंड उघडलं. केवढं सोपं उत्तर होतं. अख्ख्या कंपनीला ज्याने जन्मभर शब्द पुरवले, त्याला दोन शब्द हवे होते, आणि ते त्याच्याकडे नव्हते. छातीत श्वास वर येऊन अडकला. हा अडकलेला श्वास त्यांनी हजार वेळा दुसऱ्यांचा ऐकला होता, आज स्वतःचा ऐकला. पाण्याचं भांडं ओट्यावर राहिलं होतं, पडद्याच्या पलीकडे. त्यांची मान आपोआप पडद्याकडे कलली.

खुट्.

आवाज जाड होता, बुटका होता आणि तरुण होता. थेट कानात पडला आणि तिथेच विरला.

"मी शेजारचा," कुजबुजे म्हणाले. "सहज आलो होतो."

आपण काय बोललो ते त्यांना मागाहून कळलं. पण तोवर बाईंच्या चेहऱ्यावर ओळखीचं, पाहुण्यासाठी राखून ठेवलेलं हसू आलं होतं.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "आमचे हे आतच आहेत. येतीलच आता बाहेर."

कुजबुजे बसून राहिले. पडद्याआड कुणीतरी उठल्याचा आवाज झाला.